बेलापूरच्या अंगणात विच हेझल फुलेल का?

खतावणी (सीबीडी बेलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच द्या: नवी मुंबईत विच हेझल जगतं का, आणि जगलंच तर थंडीत फुलतं का?

लेक बोस्टनला असते. गेल्या फेब्रुवारीत तिच्याकडे होते तेव्हा ती मला अर्नोल्ड आर्बोरेटम, म्हणजे तिथलं वृक्षोद्यान, दाखवायला घेऊन गेली. सगळीकडे बर्फ, झाडांच्या नुसत्या काटक्या, आणि त्यात एक भलंथोरलं झुडूप अंगभर पिवळं. पान एकही नाही. चष्मा वर करून फांदी डोळ्यांशी धरली. फुलाला चारच पाकळ्या, शेवयांसारख्या बारीक आणि चुरगळलेल्या, बुडाशी किरमिजी वाटी. एकेका पेरावर फुलांचा झुबका चिकटून बसलेला, देठ जवळजवळ नाहीच. वास गोडसर, पण अंगावर न येणारा. पाटीवर ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ असं नाव होतं. लेक म्हणाली, आई, ऊन आलं की या पाकळ्या उलगडतात आणि गारठा वाढला की परत गुंडाळून बसतात. मला ते झाड हवं आहे. बस.

माझं घर आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, डोंगराच्या अंगाला. मागचं अंगण लहानच, पण मातीचं आहे, फरशी घालू दिलेली नाही (त्यावरून घरात झालेली भांडणं हा वेगळ्या धाग्याचा विषय). जमीन मुरमाड, सकाळपासून दुपारपर्यंत ऊन, पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी कुंपणाच्या कडेने धो धो वाहतं. कढीपत्ता, तगर, जास्वंद आणि एक पेरू आहे. दिवाळी सरली की थेट होळीपर्यंत या अंगणात बघण्यासारखं काही नसतं. जास्वंद असते, पण ती बारा महिने असते, तिचं कौतुक कोण करणार?

आतापर्यंत झालं ते असं. एका ऑनलाइन दुकानातून ‘विच हेझल, २० बिया, उगवण हमखास’ असं पाकीट मागवलं. आलं काय, तर बारीक तपकिरी बी, दोन मिलिमीटरही नसेल. पेरलं, काहीच वर आलं नाही. दुकानदार म्हणतो पाणी जास्त झालं असेल. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीत विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, ‘हॅमेलिया ना? आहे की!’ आणि नारिंगी फुलांचं रोप पुढे केलं. ते मी घेतलं नाही. जावेच्या मुलाचं म्हणणं, कुंडीत लावा आणि थंडीत रोज रात्री बुडाशी बर्फ टाका. आणि लेक म्हणते, पुढच्या खेपेला बॅगेत एक फांदी घालून आणते.

वाशीच्या मसाला मार्केटात एका पेढीवर वह्या लिहिण्यात माझा जन्म गेला. तेव्हा ‘प्रयत्न करून बघा, निसर्गच तो’ असली उत्तरं नकोत. होईल की नाही, आणि का, एवढं सांगा.

बोनसाय_नको (ऐरोली)

रोज रात्री बर्फ टाकण्यापेक्षा झुडपाला एसी बसवा, वीजबिलाची नोंद तुम्ही ठेवालच. हघ्या (हलकेच घ्या).

गंमत सोडा. आता गरम भागातही सफरचंदं लावतात लोक. हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ जात आपल्या महाराष्ट्रातही लावली जाते. सफरचंद चालतं तर विच हेझलने काय घोडं मारलंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मीही रुमाल टाकून बसतो.

उपवनकाठ (ठाणे पश्चिम)

ताई, सरळ उत्तर मागितलंत म्हणून सरळच देतो: नाही. रोप कुठून मिळालं आणि काही काळ तगलं, तरी फुलणार नाही. आता कारण.

विच हेझल म्हणजे हॅमामेलिस. पानझडी झुडूप. फुलांच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, मग झाड पानं टाकतं आणि झोपी जातं. त्या झोपेतून उठायला त्याला गारठा लागतो, आणि तो एखाद्या रात्रीचा चालत नाही. शून्य ते सात अंशांच्या आसपासचे तास जमत जावे लागतात, आठवडेच्या आठवडे. ती बेरीज पुरी झाली की मगच कळी हलते. आपल्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा साधारण सोळा ते अठरा, दुपारी तिशीच्या पुढे. सांताक्रूझ वेधशाळेतलं नीचांकी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे त्या दिवशीसुद्धा, जेव्हा मुंबईकर स्वेटर शोधत असतील, विच हेझलच्या खात्यात काही विशेष जमा झालं नसतं. तुम्ही बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी आहात, एखाददोन अंश इकडे तिकडे. फरक पडत नाही.

बर्फाचं: बर्फाने कुंडीतली माती गार होते. कळ्या आहेत वर फांदीवर, त्या तिशीच्या उन्हातच राहणार. मुळांना रोज झटका बसेल तेवढा.

बोनसायराव, सफरचंदाचा मुद्दा रास्त आहे. पण एचआरएमएन-९९ ही कमी गारठ्यात भागणारी म्हणून निवडलेली जात आहे. तिच्यामुळे बाकीची सफरचंदं काही ठाण्यात फळायला लागली नाहीत. विच हेझलच्या बागेत लावायच्या ज्या जाती नावाजलेल्या आहेत त्या थंड देशांतच निवडल्या गेल्या, तिथल्याच हिवाळ्यासाठी. ताईंनी पाहिलेली ‘अर्नोल्ड प्रॉमिस’च घ्या. आर्बोरेटममध्ये चिनी विच हेझलचं एक झाड होतं. त्याचं बी १९२८ मध्ये गोळा केलं, त्यातून निघालेली रोपं आईसारखी निघाली नाहीत, कारण शेजारच्या जपानी जातीचा पराग लागला होता. आल्फ्रेड रेडर यांनी त्या संकराला १९४५ मध्ये इंटरमीडिया असं नाव दिलं आणि त्यातलं सगळ्यात उजवं रोप १९६३ मध्ये ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ म्हणून बाहेर आलं. बोस्टनच्या थंडीत तावूनसुलाखून निघालेलं झाड ते. अमेरिकेतली रानटी जात, व्हर्जिनियाना, दक्षिणेला फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत सापडते, हे खरं. पण तिथेही हिवाळ्यात रात्री पारा शून्याला टेकतो. फ्लोरिडा म्हटलं की आपल्याला फक्त समुद्रकिनारा आठवतो.

आणि आपला पाऊस राहिलाच. याला जमीन ओलसर हवी, पण निचऱ्याची आणि किंचित आम्ल. चार महिने उबदार चिखलात पाय बुडवून उभं राहणं त्याच्या स्वभावात नाही.

तुमच्या पाकिटातलं बी विच हेझलचं नव्हतंच, हे तुमच्या वर्णनावरूनच कळतं. खरं बी काळं, चकचकीत, टणक आणि लांबट असतं, अर्धा सेंटीमीटरहून मोठं. तेही नुसतं पेरून उगवत नाही. आधी दोन-तीन महिने उबेत, मग तितकेच महिने चार-पाच अंशांत ओलसर ठेवावं लागतं. एवढं करून बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी कोंब दिसतो, आणि फूल त्यानंतर कित्येक वर्षांनी. ‘उगवण हमखास’ लिहिणाऱ्याने खरं बी हातात धरलेलं नसावं. पैसे परत मागा.

फांदीचं: लेकीला आणू देऊ नका. परदेशातून रोप, फांदी, बी काहीही आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि तिथल्या सरकारचा फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचा) दाखला लागतो. विमानतळावर जप्त होईल. नाही झाली तरी उपयोग नाही, कारण विच हेझलची फांदी नुसती खोचून सहजी मूळ धरत नाही; नर्सरीवाले कलम करतात.

हॅमेलियाला मात्र दोष देऊ नका. ते कॉफीच्या कुळातलं, अगदी वेगळं झाड आहे. आपल्याकडे मजेत वाढतं, फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी दोन्ही येतात. फक्त ते विच हेझल नव्हे.

जाता जाता: विच हेझलचा एक भाऊबंद आपल्या देशात आहे, काश्मीर-हिमाचलच्या डोंगरात. पॅरोटिऑप्सिस जॅकमोंटियाना. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो व्हिक्टर जॅकमाँ नावाचा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ हिमालय पालथा घालून खाली आला आणि १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला. झाड मात्र वरच राहिलं, शहाणं होतं.

सरेकर (मूळ नौपाडा, सध्या इंग्लंड)

माझ्या बागेत विच हेझल आहे, म्हणून दोन शब्द. ताई, झाड गोड आहे याबद्दल वादच नाही. पण त्याचे बाकीचे महिनेही सांगते.

माझ्याकडे ‘पालिडा’ आहे, जवळच्याच विस्लीच्या बागेत वाढवलेली जात. फिकट पिवळी, वास सगळ्यांत छान. नाताळ उरकला की कळ्या फुटतात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत चालतं, कारण थंडीमुळे फूल लवकर कोमेजत नाही. पाकळ्या गुंडाळून घेतात हे अगदी खरं. पहाटे हिमकण पडलेले असताना बघितलं तर फूल मिटून एवढंसं झालेलं असतं, आणि अकराच्या उन्हात परत मोकळं. लाल रंगाची ‘डायान’ आणि तांबूस-नारिंगी ‘येलेना’ मी मुद्दाम घेतल्या नाहीत. ढगाळ दिवशी लांबून त्या मातीत मिसळून जातात, पिवळाच उठून दिसतो. ही दोन्ही नावं बेल्जियमच्या कालम्थाउट आर्बोरेटमच्या येलेना द बेल्डर आणि त्यांच्या मुलीची.

मार्चनंतर? साधी हिरवी पानं. येणारेजाणारे विचारतसुद्धा नाहीत. शरद ऋतूत पानं पिवळी होतात तेव्हा पुन्हा थोडे दिवस भाव मिळतो. वाढ अतिशय सावकाश, आणि कलमी रोप असल्याने बुडातून खुंटाचे (ज्या झाडावर कलम बांधलं त्याचे) फुटवे येतात. ते वेळेवर काढले नाहीत तर काही वर्षांत तुमचं झाड खुंटाने गिळलेलं असतं. कोरडा उन्हाळा आला तर पानांच्या कडा करपतात, म्हणून बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर घालते. छाटणी जवळजवळ करतच नाही. केलीच तर फुलं गेल्यावर लगेच, कारण उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.

शेजारी अमेरिकन व्हर्जिनियाना आहे. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातच फुलते, पानं पिवळी पडत असताना. त्याच वेळी तिची गेल्या वर्षीची बोंडं पिकून तडकतात आणि बी कित्येक फूट लांब फेकतात. शांत दुपारी ऐकू येतं, ‘टक्’. टोनरच्या बाटलीतलं विच हेझल ते याच जातीच्या सालीचं आणि काटक्यांचं.

सांगायचा मुद्दा, हे झाड थंडीला सोसून फुलत नाही, थंडीवर जगतं. ठाण्याला सुट्टीत आले की मला स्वतःला पंख्याखाली बसून पाणी पाणी होतं, त्या बिचाऱ्याचं काय होईल!

खतावणी

उपवनकाठ, सरेकर, मनापासून आभार. पटलं. नावे पडलं, खातं बंद. पैसे परत मागितले आहेत, दुकान गप्प आहे. लेकीला फोन करून सांगितलं की बॅगेत फांदी नको, बदाम आण.

आता दुसरा प्रश्न. मला त्या झाडात नेमकं काय आवडलं याचा विचार केला. तर: एक, फुलं थंडीत येतात. दोन, फांदीला चिकटून येतात, पानांच्या गर्दीत हरवत नाहीत. तीन, ते झुडूप आहे, वृक्ष नाही. माझ्या अंगणात सावर किंवा पांगारा मावणार नाही. चार, लाडावलेलं नाही, रोज पाणी-खत मागत नाही. या चार अटींत बसणारं आपल्या हवेतलं काही आहे का? बोगनवेल सुचवू नका. शेजारी तिन्ही बाजूंना तीच आहे.

उपवनकाठ

आहे. धायटी.

तुम्ही अटी लिहिल्यात त्या वाचतानाच डोळ्यांसमोर आली. ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात हिवाळ्यात सकाळी गेलात तर रस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर, जिथे दुसरं काही टिकत नाही अशा मुरमात, लाल फुलांनी मढलेली झुडपं लोंबकळताना दिसतील. तीच. वूडफोर्डिया फ्रुटिकोझा. डिसेंबरच्या शेवटी सुरुवात होते, जानेवारी-फेब्रुवारीत भर आणि मागेपुढे एप्रिलपर्यंत रेंगाळते. उंची माणसाएवढी, फार तर दीडपट. फांद्या लांब, कमानीसारख्या वाकणाऱ्या, साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. पानाची मागची बाजू भिंगातून बघा, बारीक काळे ठिपके दिसतील.

आता फूल जवळून. जी लाल नळी दिसते ती पाकळी नाहीच, तो संदल आहे, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण. एक-दीड सेंटीमीटरचा, किंचित वाकलेला, आणि त्याच्या तोंडाशी सहा चिमुकल्या पाकळ्या, शोधाव्या लागतील इतक्या. पुंकेसर बाहेर डोकावतात. संदल असल्यामुळे तो पाकळ्यांसारखा दोन दिवसांत गळून जात नाही, फळ धरेपर्यंत रंग टिकवतो. म्हणून झुडूप महिनोन् महिने लाल दिसतं. तुमची दुसरी अट इथे तंतोतंत बसते: फुलांचे झुबके फांदीवरच, पानांच्या बेचक्यांतून, ओळीने. पानं विच हेझलइतकी साफ झडत नाहीत, पण त्या दिवसांत विरळ होतात आणि लाल रंगच वरचढ ठरतो.

शिंजीर तर असे तुटून पडतात की विचारू नका. नळीच्या आकाराचं फूल आणि तळाशी मध, त्यांच्याच चोचीच्या मापाचं. सकाळी सात ते नऊ खुर्ची टाकून बसा. जांभळा शिंजीर नक्की येईल.

अजून एक साम्य, तुम्हाला मार्केटमुळे आवडेल. विच हेझलची साल तुरट, तशीच धायटीची फुलंही तुरट, दोन्हींत टॅनिन भरपूर. आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात आणि आसवं-अरिष्टं घालताना ही वाळलेली फुलं टाकतात, त्यांच्यावरच्या किण्वामुळे (यीस्टमुळे) मिश्रण आंबतं. कुळ मेंदीचं. डाळिंब आणि आपल्या राज्याचं फूल ताम्हण हेही त्याच घरातले. वासाच्या बाबतीत मात्र धायटी काही देत नाही, ते आधीच सांगून ठेवतो. विच हेझलची तेवढी बाजू रिकामी राहील.

एक विनंती. येऊरमधून उपटून आणू नका आणि कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली काडी हलवणंही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय दरडीवरचं जुनं झुडूप उपटलं की मरतंच. देशी झाडांची रोपं करणाऱ्या नर्सरीत किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा.

कुंडीत_जंगल (घणसोली)

मस्त धागा. अंगण नसलेल्या माझ्यासारख्यांसाठी थोडी भर. चौथ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे, त्यात थंडीत काय फुलतं ते लिहिते.

कोरांटी, पिवळी आणि जांभळी दोन्ही. पावसाळा संपला की सुरू, जानेवारीपर्यंत. पिवळीला काटे आहेत, घरात लहान मूल असेल तर जांभळी लावा. मोठ्या कुंडीत पावडर पफ: लाल गोंडे, हिवाळ्यातच भर. ग्रिलवर संक्रांतवेल, जानेवारीत नारिंगी नळ्यांचा पडदा होतो. पण ती ऊन मागते आणि वजनदार होते, सोसायटीची नोटीस येऊ शकते. मला आली.

ताईंच्या अंगणात पेरूखाली सावली असेल तर तिथे दशमुळी लावा, म्हणजे रानअबोली. ही सह्याद्रीची खास, झाडांच्या सावलीत वाढणारी. फूल निळं-जांभळं उमलतं आणि सुकताना लालसर होत जातं, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन रंग. हिचीही बोंडं वाळली की तडकून बी उडवतात. सरेकरांची ‘टक्’ तुमच्याकडेही ऐकू येईल. फोटोत साधी वाटते. प्रत्यक्षात सावलीतला तो निळा रंग भलताच सुंदर दिसतो.

एक प्रश्न जाणकारांना: विच हेझलच्या कुळातलं लोरोपेटलम, जांभळट पानांचं, गुलाबी झिरमिळ्यांच्या फुलांचं, ते कुणी लावलंय का? फोटोत फूल अगदी ताईंनी वर्णन केलं तसंच दिसतं.

उपवनकाठ

लोरोपेटलम खरंच जवळचं नातेवाईक आहे, फुलाची ठेवण तीच, चार लांब फितीसारख्या पाकळ्या. मूळ चीन-जपानचं आणि आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांतही आहे. विच हेझलपेक्षा उष्णता कितीतरी जास्त सोसतं. बाल्कनीत पानांच्या रंगासाठी हौस म्हणून ठेवा. फुलांच्या भरवशावर पैसे घालू नका, त्यालाही थोडा तरी खरा हिवाळा आवडतो. दशमुळीला माझंही +१.

खतावणी

अहो उपवनकाठ, ही धायटी म्हणजे आमच्या बिलांवरचं ‘धवई फूल’ की! जडीबुटीच्या व्यापाऱ्यांकडे पोत्यांनी जायचं. विटकरी रंगाचा चुरा, हलका इतका की एका पोत्यात किलो भरायचे नाहीत आणि हमाल खूश. पोतं उघडलं की घशात तुरट धूळ जायची. इतकी वर्षं त्याची नावं लिहिली, वजनं लिहिली, आणि ते झुडूप हाकेच्या अंतरावर डोंगरावर असेल हे मनातही आलं नाही. मी तर समजत होते, मध्य प्रदेशातून गाडी येते म्हणजे तिकडचंच काहीतरी असणार.

ठरलं. धायटी आणि पेरूखाली दशमुळी. आता कामाचं विचारते. डोंगराचं पाणी कुंपणाशी वाहतं तिथे लावू की दूर? खड्डा केवढा? आणि फुलायला किती वर्षं, ते खरं सांगा. माझं वय बघून सांगू नका.

बोनसाय_नको

ताई, किती वर्षं याचं उत्तर देणाऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.

उपवनकाठ

स्टॅम्पपेपर नको, सांगतो. बियांपासून केलेलं रोप असेल तर दोन-तीन हिवाळे धरून चला. नर्सरीत गुडघ्याएवढं, बुडाशी काष्ठ झालेलं रोप मिळालं तर त्याहून लवकर थोडीफार फुलं दिसतील. भर यायला मात्र झुडूप पसरावं लागतं. बी घरी पेरायचं तर ते अगदी धुळीसारखं असतं, मातीने झाकायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं आणि फवाऱ्याने ओलावा ठेवायचा. पण तुम्ही रोपच आणा, एकदा पाकिटाचा अनुभव घेतलाच आहे.

पाणी वाहतं तिथे चालेल, साठतं तिथे नाही. पावसात जाऊन बघा: अर्ध्या तासाने खळगा रिकामा होत असेल तर बिनधास्त लावा. कुंपणाजवळ उतार असेल तर फारच छान, मुळं माती धरून ठेवतात आणि फांद्या उतारावर लोंबतात, तिला तेच आवडतं. ऊन जितकं जास्त तितकी फुलं, पेरूपासून लांब ठेवा. खड्डा दीड फूट, निघालेला मुरूमच परत भरायचा, त्यात घमेलंभर शेणखत. जास्त खत घातलंत तर पानं माजतात, फुलं कमी. लावायची वेळ जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, पाऊस बसल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, पुढे गरज नाही.

छाटणी सरेकरांच्या विच हेझलसारखीच, फुलं सरल्यावर. म्हणजे मे महिन्यात, पावसाच्या आधी. पावसाळ्यात जी नवी काठी वाढते तिच्यावरच हिवाळ्यात फूल येतं. दिवाळीच्या साफसफाईत हौसेने कात्री चालवलीत तर ते वर्ष गेलं. माळी लावत असाल तर त्याला हे आधी बजावा, कारण ऑक्टोबरात ते झुडूप अगदीच अव्यवस्थित दिसतं आणि माळ्यांचे हात शिवशिवतात.

माझ्याकडे गेल्या वर्षी केलेली थोडी रोपं आहेत, पिशवीतली, वीतभराहून थोडी मोठी. दोन तुमच्यासाठी ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मे अखेर येऊन घेऊन जा आणि येताना रिकाम्या पिशव्या आणा, मला नेहमी कमी पडतात.

खतावणी

व्यनि पाहिला. पिशव्या आहेत, मार्केटच्या, मजबूत. दोन नको, तीन ठेवा. एक समोरच्या काकूंना देते. त्या बोगनवेल काढायला तयार होतात का बघते.